इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य नव्हे हो!

"इन्कॉग्निटोमध्ये (म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत) उघड, कुणाला काही कळत नाही" हे इतकी वर्षं ऐकतोय की आता खुलासा करायलाच हवा. सफारीत हा प्रकार २००५ला आला, क्रोममध्ये २००८ला, आणि तेव्हापासून लोक त्याला जादूची टोपी समजून बसलेत. तो करतो एवढंच की विंडो बंद केली की हिस्टरी आणि कुकीज (साइट्सनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) तुमच्या फोनवरून पुसल्या जातात, म्हणजे घरच्यांपासून लपलं, बास. डाउनलोड केलेली फाइल मात्र तिथेच पडून राहते, ती बऱ्याच जणांना नडते!

बाकी साइटला तुमचा आयपी अॅड्रेस (तुमच्या नेट कनेक्शनचा पत्ता) दिसतोच, नेट देणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते सहसा कळतं (एचटीटीपीएस, म्हणजे साइटचं सांकेतिक कनेक्शन, असेल तर आत काय वाचलं ते नाही), आणि तिथे जाऊन स्वतःच्या अकाउंटने लॉगिन केलं तर मग बोलायलाच नको. इन्कॉग्निटोतही लोकांचा डेटा जमवला म्हणून गूगलवर २०२०मध्ये अमेरिकेत केस झाली, २०२४मध्ये तडजोड होऊन जमवलेला डेटा नष्ट करायचं त्यांनी कबूल केलं. नवीन इन्कॉग्निटो टॅब उघडल्यावर जी सूचना येते ना, तिच्यात यातलं बरंचसं लिहिलेलं असतं, पण ती वाचतो कोण.