ब्रॅन्सनची कंट्री संगीत नाट्यगृहे

अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या ओझार्क डोंगराळ भागात, ब्रॅन्सन या लहानशा गावी, १९५९ पासून स्थानिक कुटुंबांनी कंट्री संगीत (अमेरिकेच्या ग्रामीण भागातील लोकसंगीतातून घडलेला गानप्रकार), भक्तिगीते आणि विनोदी प्रवेश यांचे जे रंगमंचीय कार्यक्रम सुरू केले, त्यांतून पुढे नाट्यगृहांचे गाव म्हणून ब्रॅन्सनची ख्याती झाली.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम १९२५ पासून रेडिओवर गाजत होता, आणि ब्रॅन्सनजवळच्या स्प्रिंगफील्ड शहरातून १९५५ ते १९६० या काळात ‘ओझार्क जुबिली’ हा तसाच कार्यक्रम दूरचित्रवाणीवर देशभर दिसत असे. ब्रॅन्सनची प्रेरणा मात्र अधिक साधी होती. तेथे १९१३ पासून टॅनीकोमो जलाशय होता, १९५८ मध्ये टेबल रॉक धरण पूर्ण झाले आणि मासेमारीसाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली. दिवसभर गळ टाकून बसलेल्या या मंडळींची संध्याकाळ मात्र रिकामी असे.

ती गरज प्रथम मेब बंधूंनी ओळखली. जिम, बिल, लाइल आणि बॉब या चार भावांनी १९५९ मध्ये जलाशयाकाठच्या एका सार्वजनिक इमारतीत खुर्च्या मांडून ‘बॉल्डनॉबर्स’ या नावाने कार्यक्रम सुरू केला. हे नाव १८८० च्या दशकात याच परिसरात कायदा हाती घेणाऱ्या एका टोळीचे होते. डोंगराच्या बोडक्या माथ्यावर जमणारी म्हणून ती त्या नावाने ओळखली जाई. मेब बंधूंची वाद्ये घरातून आणि गोठ्यातून आलेली होती. कपडे घासण्याची पन्हाळीदार फळी तालासाठी वाजे, पालथ्या टबाला काठी व दोरी जोडून खर्जाचा सूर काढला जाई, आणि मेलेल्या खेचराच्या वाळलेल्या जबड्यावर थाप मारली की त्यातले सैल झालेले दात खडखडत. ढगळ विजार घातलेला, पुढचे दात नसलेला सोंगाड्या या खेळात गायकाइतकाच महत्त्वाचा होता. शहरी लोक डोंगरी माणसाला ज्या रूपात हसत, तेच रूप येथे डोंगरी माणसाने आपल्या हाती घेतले, हे या खेळांचे खरे बळ म्हणावे लागेल.

प्रेस्ली कुटुंबाने १९६३ च्या सुमारास किंबरलिंग सिटीजवळच्या एका गुहेत कार्यक्रम सुरू केले आणि १९६७ मध्ये ७६ क्रमांकाच्या महामार्गावर पहिले नाट्यगृह उभारले. खेळ चालला नाहीच, तर ती इमारत होड्या ठेवण्यासाठी वापरता यावी म्हणून तिची जमीन उताराची न करता सपाट ठेवली होती. पुढच्याच वर्षी मेब बंधूंनीही त्याच रस्त्यावर आपले नाट्यगृह बांधले. तिकीटविक्रीपासून गाण्यापर्यंतची कामे घरचीच माणसे करीत.

१९८३ मध्ये प्रसिद्ध गायक-वादक रॉय क्लार्क यांच्या नावाचे नाट्यगृह सुरू झाले, तेव्हापासून बाहेरचे नामवंतही येथे येऊ लागले; गावोगाव दौरे करण्याऐवजी एकाच ठिकाणी राहावे आणि श्रोत्यांनीच आपल्याकडे यावे, ही सोय त्यांना या रस्त्यावर मिळाली.