पावतीपुस्तक ते आजीव सभासदत्व: गोव्यातील पेन्शनर संघटनांच्या गळतीची पार्श्वभूमी

नोकरीत असेपर्यंत संघटनेची वर्गणी खिशातून काढून द्यावी लागत नाही. अर्जावर एकदा सही केली की ती पगारातूनच कापून जाते. केंद्रीय कर्मचारी संघटनांना मान्यता देण्याचे १९९३ चे नियम तर याच कपातीवर उभे आहेत. संवर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी सभासद आहेत की नाहीत, हे पगारपत्रकावरून ताडून पाहिले जाते. निवृत्तीच्या दिवशी पगारपत्रक संपते आणि ही सोयही संपते. त्यानंतर सभासद टिकवायचा तर कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन त्याच्या दारात जावे लागते. गोव्यातल्या पेन्शनर संघटनांच्या गळतीविषयीचे बोलणे बहुतेकदा ‘लोकांना आता आस्थाच उरली नाही’ इथे सुरू होते आणि तिथेच थांबते. मला हे कारण फारसे पटत नाही.

गोव्यात निवृत्तिवेतनाचा प्रश्न मुक्तीबरोबरच आला. १९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज प्रशासनातले कर्मचारी भारतीय सेवेत घेतले गेले. त्यांच्या सेवाशर्तींसाठी संसदेने १९६५ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. जुनी सेवा कशी धरायची, कोणत्या पदाशी कोणते पद जुळवायचे, हे प्रश्न त्या पिढीबरोबर निवृत्तीपर्यंत गेले. पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत तरुणपणी लागलेले मास्तर आणि बाई नव्वदच्या दशकात निवृत्त होऊ लागले. पेडणे, सत्तरी, सांगे अशा तालुक्यांतून पेन्शनच्या कामासाठी पणजीला फाझेंदीत, म्हणजे लेखा संचालनालयात, खेटे घालायचे. बस बदलत जायचे, तिथे गेल्यावर एक कागद कमी निघायचा, की पुन्हा परत. त्या काळी संघटनेचा सभासद होण्याचे कारण कुणी समजावून सांगावे लागत नसे. ‘आपला माणूस’ फाझेंदीत ओळखीचा आहे, हे पुरे होते.

गोवा संघप्रदेश होता तेव्हापासून इथली वेतन आणि पेन्शनची घडी केंद्राप्रमाणे बसलेली आहे. त्यामुळे दिल्लीत ठरलेले इथे थोड्याफार उशिराने पोचते. संघटनांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी तारीखही दिल्लीचीच, १७ डिसेंबर १९८२. केंद्राने मे १९७९ मध्ये पेन्शनचे सूत्र उदार केले, पण लाभ दिला तो ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांनाच. १९७२ मध्ये निवृत्त झालेले डी. एस. नकारा न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे असे दोन गट पाडता येणार नाहीत. निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. तेव्हापासून हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. गोव्यात दोनच दिवसांनी मुक्तिदिन येतो, म्हणून सभागृह मिळवताना कार्यकर्त्यांची तारांबळ उडते, ते वेगळे.

नकारा निकालाने संघटनांना बळ दिले आणि एक सवयही लावली. निवृत्तांनी एकत्र यावे ते मागणीसाठी, अशी ती सवय. १९८५ मध्ये केंद्रात पेन्शनसाठी वेगळा विभाग झाला. डिसेंबर १९८६ मध्ये आणखी एक निकाल येऊन, निवृत्तीवेळी एकरकमी पैसे घेऊन विकलेली, म्हणजे कम्युट केलेली, पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत करण्याची तरतूद झाली. मग १९९६, २००६ आणि २०१६ पासून लागू झालेले वेतन आयोग. दर आयोगाच्या आधी दोन-तीन वर्षे सभांना गर्दी, तक्ते, आकडेमोड, नव्या सभासदांच्या रांगा. थकबाकी बँकेत जमा झाली की पुढच्या वर्षी पावतीपुस्तकाची पाने कोरी राहतात. यात कृतघ्नपणा आहे असे पदाधिकारी चिडून म्हणतात. पण वाढीव पेन्शन सभासदालाही मिळते आणि सभासद नसलेल्यालाही तेवढीच मिळते. वर्गणी न भरल्याने कुणाचा एक रुपया कापला गेलेला नाही, हे हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसांना चांगले कळते. करोनाकाळात महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, त्या १८ महिन्यांची थकबाकी कधीच मिळाली नाही, तेव्हाही लाट आली आणि ओसरली. २०२५ च्या वित्त कायद्याने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत फरक करण्याचा अधिकार सरकारकडे असल्याचे नमूद केले. त्याच वर्षी आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली. आता सभांना पुन्हा भरती आली आहे.

या चढउतारावर बहुतेक संघटनांनी एकच उपाय केला, तो म्हणजे आजीव सभासदत्व. त्यामागे कायद्याचे कारण आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही, एवढेच नव्हे तर तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. वार्षिक वर्गणी ठेवली तर सभासदांची यादी जून-जुलैपर्यंत निम्मी होण्याची धास्ती. एकरकमी पैसे घेतले की यादी भरलेली राहते. राहिलीही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरलेल्या दोन-चारशे रुपयांच्या व्याजातून आज सभेची सूचनासुद्धा टपालाने पाठवणे परवडत नाही. आणि वर्षातून एकदा पावतीच्या निमित्ताने होणारी गाठभेट गेली ती गेलीच. यादी कमी होत नाही म्हणून गळती दिसत नाही. ती दिसते आमसभेच्या सूचनेतल्या ठरलेल्या वाक्यात: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही.’ सगळे जुने सभासद अर्धा तास उशिरानेच घरातून निघतात.

या सगळ्यात सर्वात मोठे भगदाड मात्र कुणी फारसे मोजत नाही. सभासद वारला की शोकसभा होते, नावापुढे ‘कै.’ लागते आणि ते घर संघटनेतून जाते. वास्तविक त्याच दिवसापासून त्या घराला संघटनेची सर्वात जास्त गरज असते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचे, मृत्यूचा दाखला, बँकेतले संयुक्त खाते, आधारवरचे नाव आणि पेन्शनच्या आदेशातले नाव जुळवायचे. लग्नानंतर बदललेले नाव आणि माहेरचे नाव, त्यात गावाप्रमाणे बदलणारे आडनाव, म्हणजे गोव्यात हा घोळ घरोघरचा. रक्कमही खाली येते. सुरुवातीचा वाढीव दर मिळाला तर ठराविक वर्षांपुरताच, नंतर सामान्य दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के जादा मिळतात, हे मागे राहिलेल्या पत्नीला सांगणार कोण? पतीच्या संघटनेची बैठक कुठे भरते हे तिला माहीत असते, कारण चहाबरोबर द्यायची भजी कित्येकदा तिच्याच घरून गेलेली असतात. पण संघटनेच्या घटनेत सभासदाची व्याख्या ‘निवृत्त कर्मचारी’ अशी, आणि ती तर कर्मचारी नव्हती.

जे टिकले ते कशामुळे टिकले, याचे उत्तर नोव्हेंबरात मिळत असे. हयातीचा दाखला देण्याचा तो महिना. दाखल्याच्या शिबिराला झाडून सगळे येत. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, सुरू झाला, २०२१ मध्ये फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली, आणि पुण्याला किंवा दुबईला असलेला मुलगा सुट्टीत येऊन हे काम पाच मिनिटांत करून देऊ लागला. म्हाताऱ्या माणसाचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. संघटनेचा मात्र हुकमी दिवस गेला. महागाई भत्त्याचे परिपत्रकही आता व्हॉट्सअॅपवर संघटनेच्या आधी पोचते.

खाजगी कारखाने आणि खाणींतून निवृत्त झालेल्यांची गोष्ट निराळी. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली त्यांची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. ती वाढावी ही एकच मागणी, आणि ती पुरी होत नाही म्हणून त्यांची माणसे सभांना येत राहतात.

पुढची अडचण ठरलेली आहे. गोवा सरकारच्या सेवेत ऑगस्ट २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या निवृत्तीवेळी राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) जमा झालेल्या रकमेतला मोठा भाग एकरकमी हातात येतो, उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे नियमित मिळणारी ठराविक रक्कम, घ्यायची. महागाई भत्ता नाही, वेतन आयोगाशी संबंध नाही. जुन्या सभासदांची एकही मागणी त्यांची नाही. त्यांना घ्यायचे तर संघटनेच्या उद्दिष्टांतच बदल हवा, आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारक महिलांना पूर्ण सभासद करायचे तरी घटना उघडावी लागणार. उद्दिष्टे बदलण्यासाठी संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे विशेष सभा, तीन-पंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने त्याच बहुमताची दुसरी सभा लागते. चतुर्थी आटोपल्यावर आणि जत्रांचा हंगाम भरात येण्याआधी अशा दोन सभा बसवायच्या तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोनच महिने हाताशी उरतात.