वल्ह्यांच्या होड्या गावागावात परत कशा आल्या

बडोद्यात होडीचा विषय काढला की आधी हरणी तलावच डोळ्यासमोर येतो, जानेवारी २०२४, सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली. आणि घरातल्या मोठ्यांना १९९३ चं सूरसागर आठवतं, तेव्हा २२ जण गेले. म्हणून आपल्याकडे होडी म्हणजे तिकीट काढून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं एवढंच उरलंय. पण काही ठिकाणी लाकडी होडी अख्ख्या गावाची असते, गावच ती बांधतं आणि गावच वल्हवतं, आणि हे कसं सुरू झालं ते मला खरंच महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात पोटापाण्यातून झाली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर आणि सिली बेटांवर शिडाचं जहाज दिसलं की त्याला बंदराची वाट दाखवणारे पायलट सहा वल्ह्यांच्या 'गिग' होड्यांतून निघायचे, जो पहिला पोचेल त्याला काम, म्हणजे रोजचीच शर्यत. फळ्या एल्म लाकडाच्या, जेमतेम पाव इंच जाड, एकीची कड दुसरीवर चढवून ठोकलेल्या, त्यामुळे होडी हलकी आणि लाटेवर लवचिक. वादळात फुटलेल्या जहाजांवरची माणसं वाचवायलाही याच जायच्या. १८३८ ची 'ट्रेफ्री' नावाची गिग कॉर्नवॉलमधल्या न्यूकी गावात अजून पाण्यात उतरते आणि नवीन गिग तिच्याच मापाने बनते, ३२ फूट लांब.

मग वाफेची जहाजं आली, काम संपलं, होड्या शेडमध्ये पडून राहिल्या. १९५० च्या दशकात न्यूकीच्या लोकांनी सिलीतल्या जुन्या गिग विकत घेऊन दुरुस्त केल्या, नाहीतर बहुतेक सगळं तिथेच संपलं असतं. १९९० पासून सिलीत वर्ल्ड चॅम्पियनशिप भरते.

स्कॉटलंडची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे जुनी होडी जपण्यावर न थांबता लोकांनी नवीन बांधल्या. फाइफच्या खाणकामगारांच्या गावांत पूर्वी होड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्या बंद पडल्या होत्या. २००९ मध्ये अँस्ट्रदरच्या फिशरीज म्युझियमच्या पुढाकाराने होड्यांचे डिझायनर इयन ऑट्रेड यांनी फेअर आयल बेटावरच्या जुन्या होडीवरून २२ फुटी 'सेंट एल्स स्किफ'चं डिझाइन केलं. चार वल्हवणारे, एक सुकाणूवर. प्लायवुडच्या फळ्या कापलेल्या किटमध्येच येतात, गावाने वर्गणी काढायची आणि शेडमध्ये जमून चिकटवायच्या, ज्यांनी कधी रंधा हातात धरला नव्हता तेही यात आले, रिटायर झालेले, शाळेतली मुलं, सगळे. २०१० मध्ये अँस्ट्रदरला पहिली रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळा, आणि २०१३ मध्ये उल्लापूलला थेट वर्ल्ड चॅम्पियनशिप, एवढ्या लवकर ते पसरलं.