डीएनए दुरुस्त करणारी एन्झाइम्स आकार बदलतात, त्यामागची गोष्ट

परळला टाटाच्या आसपास ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक भेटले की ब्राका टेस्ट (ब्राका जीनमधला बिघाड तपासणारी) आणि ओलापॅरिब ही गोळी, हे दोन शब्द ऐकू येतातच. ही गोळी पार्प नावाचं एन्झाइम, म्हणजे पेशीत डीएनएच्या दुरुस्तीला मदत करणारं प्रथिन, बंद करते, एवढं ओपीडीत सांगतात, त्याहून जास्त वेळ तिथे असतो कुणाकडे. पण "बंद करते" म्हटल्यावर अर्धीच गोष्ट कळते, खरा खेळ त्या एन्झाइमच्या आकाराचा आहे.

१८९४ मध्ये एमिल फिशरने कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, की रेणू एन्झाइमच्या खाचेत कुलपातल्या किल्लीसारखा बसतो, ती आपण अजून बारावीला घोकतो. १९५८ मध्ये कोशलँड म्हणाला की एन्झाइम असं ताठ नसतंच, समोर रेणू आला की ते स्वतः वाकतं आणि त्याला बसवून घेतं. लोकांना हे पटायला बरीच वर्षं गेली. तिकडे डीएनएबद्दलही असाच गैरसमज होता, की तो फार टिकाऊ आहे, त्याला काय होतंय. १९७२ मध्ये लिंडालने दाखवलं की नुसत्या पाण्याने आणि अंगातल्या उष्णतेनेसुद्धा डीएनएचे बेस, म्हणजे त्यातली अक्षरं, गळतात, एका पेशीत दिवसाला दहा हजारांच्या घरात. म्हणजे दुरुस्ती सतत चालू हवीच, आणि तीपण मेगाब्लॉक न घेता. (२०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल याच विषयाला मिळालं, लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार या तिघांना.)

डीएनएची तुटलेली टोकं जोडणारं लायगेज नावाचं एन्झाइम १९६७ मध्ये सापडलं, ते पण काही महिन्यांच्या आत चार-पाच वेगवेगळ्या लॅबना. रसायन लवकर सुटलं: एटीपी या पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूतला एक तुकडा एन्झाइम स्वतःला चिकटवून घेतं, मग तो डीएनएच्या तुटक्या टोकाला देतं आणि शेवटी सांधा जोडतं. पण हे करताना ते दिसतं कसं? १९९६ मध्ये टी७ या व्हायरसच्या लायगेजचं स्ट्रक्चर आलं खरं, पण त्यात डीएनएच नव्हता, म्हणजे कामावर नसलेल्या कामगाराचा फोटो. २००४ मध्ये माणसाचं लायगेज-१ डीएनएला धरलेलं असताना पकडलं गेलं आणि मग मजा कळली. त्याचे तीन भाग डीएनएभोवती पूर्ण वळसा घालून कडं तयार करतात, आणि तुटलेल्या जागी डीएनएसुद्धा आपला नेहमीचा आकार सोडतो. एटीपी घेताना एक ठेवण, जोडताना दुसरी, त्यातला एक भाग तर चक्क फिरून दुसऱ्या बाजूने येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात सुंदर चित्र हेच.

आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही याच दुरुस्तीवर काम होतं, डायनोकोकस नावाच्या बॅक्टेरियावर. हा १९५६ मध्ये अमेरिकेत रेडिएशन दिलेल्या डबाबंद मांसात सापडला होता, आणि त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे झाले तरी काही तासांत तो ते परत जोडून घेतो.

आता पार्प. १९६३ मध्ये स्ट्रासबर्गला या एन्झाइमचा पत्ता लागला, पण त्याचा कॅन्सरशी असा संबंध २००५ मध्ये जुळला. दोन टीमनी एकाच वेळी दाखवलं की ब्राका (हाही डीएनए दुरुस्तीचाच जीन) बिघडलेल्या पेशी पार्प अडवलं की मरतात, बाकीच्या पेशी निभावून नेतात. पार्प मुळात चालतं कसं, ते स्ट्रक्चरने सांगितलं. पार्प-१ चे सुटे सुटे भाग तुटलेल्या डीएनएवर एकमेकांना येऊन भिडतात, हे २०१२ मध्ये दिसलं, आणि २०१५ मध्ये कळलं की त्या भिडण्याने एन्झाइमच्याच अंगातला एक अडसर, एक हेलिक्सवाला भाग, तेवढ्यापुरता उलगडतो. मग एनएडी या पेशीतल्या छोट्या रेणूला आत जागा मिळते, त्याच्या तुकड्यांच्या साखळ्या तयार होतात, त्या दुरुस्तीवाल्यांना बोलावतात आणि पार्प स्वतः डीएनएवरून सुटतं. गोळी एनएडीच्याच जागी जाऊन बसते, साखळी होत नाही, पार्प तिथेच अडकून राहतं, आणि बऱ्याचदा पेशीला खरा त्रास त्या अडकण्याचा होतो.

यात अजून एक गाठ आहे. २०२० मध्ये दिसलं की सगळी पार्प-औषधं एकाच खाचेत बसत असली तरी त्या अडसराला वेगवेगळं ढकलतात, काहींनी पार्पची डीएनएवरची पकड घट्ट होते, तर वेलिपॅरिबसारख्याने उलट ढिली पडते.