पाण्याची बाटली: फिरकीच्या तांब्यापासून आयएसआय शिक्क्यापर्यंत

बाटली तांब्याची घ्यावी, स्टीलची की प्लास्टिकची, हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न. पण नुसत्या धातूच्या नावावर फारसे काही ठरत नाही. प्रवासात पाणी नेण्यासाठी आजवर जी जी भांडी वापरात आली, त्यांनी त्रास दिला तो बहुधा तीन जागांहून: आतला लेप, जोड आणि झाकण. चौथे कारण वापरणाऱ्याचे, म्हणजे पाण्याच्या भांड्यात भलतेच काही भरणे.

नाशिकला हा इतिहास घरचाच आहे. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरने इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे आणि तांबट लेन हे नाव आजही त्या कारागिरीची आठवण देते. तीर्थाचे पाणी गावी न्यायला तांब्याचा लहान गडू घ्यायचा आणि त्याचे तोंड डाख (वितळलेल्या धातूचा सांधा) लावून बंद करायचे, ही जुनी रीत. तो जुना डाख कथील आणि शिशाचा असे. गडूतले पाणी थेंबभर तीर्थ म्हणून घ्यायचे, त्यामुळे कुणाचे फारसे बिघडले नाही. पण असा डाख दिलेले भांडे रोजच्या पिण्याला वापरणे चूकच. हा डाख पुढे पुन्हा भेटणार आहे.

रोजच्या प्रवासाला असायचा तो फिरकीचा तांब्या. पितळेचा किंवा तांब्याचा, तोंडाला आटे पाडलेले, वर फिरवून घट्ट बसणारे झाकण आणि आत कल्हई. रबराचा वॉशर नसल्याने आडवा पडला की तो झिरपायचा, पण त्याचा एक मोठा गुण होता: हात आत जाईल एवढे तोंड. राख किंवा चिंच लावून तळापर्यंत घासता येई. आजच्या अरुंद तोंडाच्या बाटल्यांत हाच गुण हरवला आहे.

कल्हई का, हे ‘कळकणे’ या एका शब्दात साठवलेले आहे. तांब्या-पितळेत ताक, चिंचेचे सार किंवा लिंबू ठेवले की आम्लाने तांबे सुटते, पदार्थ हिरवट आणि कडवट होतो, खाल्ल्यावर मळमळते, उलट्या होतात. त्यावर उपाय म्हणून भांडे तापवायचे, नवसागराने पृष्ठभागावरचा काळा थर काढायचा, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून कोळशाच्या भट्टीवरही हे काम भागते. बिघडते कुठे? कथील महाग, म्हणून त्यात शिसे मिसळले जाते तेव्हा. आणि थर झिजून आतले तांबे डोकावू लागले तरी भांडे तसेच वापरत राहिल्यावर.

आताच्या तांब्याच्या बाटलीला कल्हई नसते, कारण ती फक्त साध्या पाण्यासाठी असते. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे काही जंतू मरतात, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आणि त्या पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरेच आत होते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. रात्रभर ठेवलेले पाणी ठीक. लिंबू सरबत, ताक, कोकम, ओआरएस, गरम चहा यांपैकी काहीही त्यात भरू नये. आतून लिंबू-मिठाने घासले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन उलटी वाळत घालावी. बाहेरून चकाकी टिकवायला पारदर्शक लेप दिलेला असतो. तो आत नाही ना, हे विकत घेताना पाहावे.

मधल्या काळात छागल होती. जाड कॅनव्हासची पिशवी, ती झिरपायची आणि वाऱ्याने पाणी गार व्हायचे. तिला शेवटपर्यंत नीट धुता येत नसे, कापडाला वास लागायचा, आणि हातात हलकी प्लास्टिकची बाटली आल्यावर ती मागे पडली.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीपासून सांगतात. त्याने ते १९१३ मध्ये बनवले. आपल्या घरात ते बरेच उशिरा आले. जुने कपडे घेऊन बोहारणीने दिलेल्या डब्या-वाट्यांनी तांब्या-पितळेला मोडीत पाठवले. बाटलीसाठी ३०४ हे स्टील चांगले: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. स्वस्त बाटल्यांत २०० मालिकेचे स्टील असते. त्यात निकेल कमी आणि त्याची जागा मँगनीज घेते. अशी बाटली खारट पाण्याने किंवा ब्लीचने धुतली की तळाच्या जोडाशी आणि मानेशी तांबूस ठिपके पडतात. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल’ ही दुकानातली परीक्षा फसवी आहे. २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ३०४ ला दाबून आकार दिलेल्या जागी तो थोडा ओढतो. अंगावर छापलेली श्रेणी आणि मानक क्रमांक पाहणे हाच खरा मार्ग.

गरम-गार राखणाऱ्या बाटलीचे मूळ जेम्स ड्यूअरच्या १८९२ च्या दुहेरी भिंतीच्या काचपात्रात आहे. १९०४ मध्ये जर्मनीत त्याचा ‘थर्मॉस’ झाला आणि १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅनलीने तो पूर्ण पोलादी केला. काचेचा थर्मास दप्तरात आपटून फुटला तर बारीक काच पाण्यात येते, म्हणून शाळेला पोलादीच द्यावा. पण इथे तो गडूचा डाख पुन्हा भेटतो. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेले भोक तळाशी बंद करतात, आणि काही कारखाने त्यासाठी शिसे असलेला मणी वापरतात. तो तळाच्या चकतीखाली झाकलेला असल्याने पाण्याला लागत नाही. तळाची चकती निघाली की मात्र ती बाटली मुलांच्या हातात राहू देऊ नये. निर्वात टिकले आहे का, हे घरीच कळते: उकळते पाणी भरा, झाकण लावा, दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागले तर निर्वात गेले. पाणी तरीही पिण्याजोगेच असते, फक्त गार राहत नाही.

अॅल्युमिनियमच्या बाटलीला आम्ल सोसत नाही, म्हणून आत इपॉक्सीचा लेप देतात. लेपाला पोचा पडला किंवा पापुद्रा सुटला की ती बाटली संपली.

प्लास्टिकचा भाग थोडा लांबतो, कारण गोंधळ तिथेच अधिक आहे. पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत वेगवेगळे सापडले. काचेसारखे स्वच्छ, पडून न फुटणारे, म्हणून दूधबाटल्या आणि वीस लिटरचे जार त्याचे झाले. ते ज्या बिसफेनॉल-ए (बीपीए) पासून बनते, त्याचा संप्रेरकासारखा परिणाम १९३६ मध्येच नोंदला गेला होता. तरीही बाळांच्या बाटल्यांतून ते हटायला युरोपात २०११ आणि अमेरिकेत २०१२ उजाडले. ‘बीपीए-मुक्त’ लिहिल्यावर निर्धास्त होऊ नये. बदली म्हणून आलेल्या बिसफेनॉल-एस मध्येही तसेच गुण दिसले आहेत.

तळाच्या त्रिकोणातले आकडे १९८८ पासूनचे, आणि ते प्लास्टिकचा प्रकार सांगतात, सुरक्षितता नव्हे. १ म्हणजे पेट, विकतच्या पाण्याच्या बाटलीचे. तिचे पेटंट १९७३ मध्ये नॅथॅनिएल वायथ यांना मिळाले. ती एकदाच वापरायची असते. तिच्यात अँटिमनी या अपायकारक मूलद्रव्याचा अंश असतो आणि उष्णतेने तो जास्त सुटतो, म्हणून एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात बंद गाडीत राहिलेले पाणी पिऊ नये. २ आणि ५ रोजच्या वापराला बरे. ७ मध्ये पॉलिकार्बोनेटही येते आणि इतरही, म्हणून नाव लिहिलेले नसेल तर सोडून द्यावे. द्राक्षबागेत फवारणीला मोकळी बाटली लागतेच. पण पाण्याच्या बाटलीने औषध मोजले, तर ती कितीही धुतली तरी पुन्हा ओठाला लावायची नाही. तिला भोक पाडून वेगळी ठेवावी.

तांबे, स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०३:२०२२ आले, आणि २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. शिक्क्याखालचा ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून तपासता येतो. नुसता शिक्का खोटाही छापतात.

नवी स्टीलची बाटली आणली की आत पांढरे कापड फिरवावे. काळा डाग आला तर तो पॉलिशचा अंश. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावे, मग साबणाने धुवावे. यानंतर उरते झाकण. वास येतो तो बहुतेक वेळा त्यातल्या सिलिकॉनच्या वॉशरमागून, जिथे ब्रश पोचत नाही आणि बुळबुळीत थर साचतो. आठवड्यातून एकदा चमच्याच्या मागच्या टोकाने वॉशर काढावा, गरम पाण्यात आणि साबणात दहा मिनिटे ठेवावा, खोबण जुन्या दातांच्या ब्रशने घासावी आणि दोन्ही पूर्ण वाळल्यावरच परत बसवावे. वॉशर काळा पडला किंवा सैल झाला तर बदलावा. सुटा वॉशर मिळतो का, हे बाटली घेतानाच विचारलेले बरे.