'मिसळत नाही' असा शेरा लिहिण्यापूर्वी

बालवाडीच्या प्रगतिपुस्तकात एक शेरा हमखास सापडतो: 'इतर मुलांत मिसळत नाही.' तो वाचून आईबाबा धास्तावतात आणि 'जा, सगळ्यांबरोबर खेळ' असा मुलामागे लकडा लावतात. पण हा शेरा लिहिण्याआधी त्या मुलाकडे किती दिवस, कोणत्या वेळी आणि किती वेळ पाहिलं, हे कुणी विचारत नाही. भरलेल्या वर्गात नजरेत भरतं ते रडणारं, ढकलाढकली करणारं किंवा अगदी कडेला उभं असलेलं मूल. शिवाय एकदा मत बनलं, की त्याला दुजोरा देणारे प्रसंगच लक्षात राहतात. कितीही मायेने शिकवणाऱ्या बाई असल्या, तरी नजर अशीच चालते.

या अडचणीवर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एक साधा उपाय निघाला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९२६-२७ मध्ये ४२ मुलांचा खेळ टिपला. मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची होती. मुक्त खेळाच्या तासाला त्या एका मुलाकडे एक मिनिट पाहायच्या, ते काय करतंय आणि कुणाबरोबर, हे लिहायच्या आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. कुणाकडे कधी पाहायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे गोंधळ घालणाऱ्याला जास्त मिनिटं मिळत नसत आणि गप्प बसणारं मूल सुटत नसे. महिनोन्‌महिने अशी मिनिटं साठत गेली.

या नोंदींमधून त्यांनी खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. कधी मूल कशातच नसतं, नुसतं इकडेतिकडे पाहतं. कधी एकटंच खेळतं. कधी दुसऱ्यांचा खेळ टक लावून पाहतं, मध्येच काही विचारतं, पण खेळात शिरत नाही. समांतर खेळात दोन मुलं शेजारी बसून तसल्याच ठोकळ्यांशी खेळतात, पण आपापलं. पुढच्या प्रकारात खेळणी आणि गप्पा यांची देवाणघेवाण होते, तरी खेळाला ठरलेला हेतू नसतो. शेवटचा प्रकार आपल्या भातुकलीतला: तू आई, मी पाहुणा, चहा तू करायचास. १९३२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाबरोबर एकट्याचा खेळ घटतो आणि एकत्र खेळ वाढतो, असं त्यात दिसलं.

मग पाठ्यपुस्तकांनी या सहा प्रकारांचा जिना केला आणि एकटं खेळणारं मूल खालच्या पायरीवर जाऊन बसलं. मला हे फार अन्यायाचं वाटतं. कारण पुढच्या संशोधकांनी आणखी बारकाईने पाहिलं, तेव्हा चित्र बदललं. १९८० मध्ये रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या खेळात कशानंतर काय येतं, तो क्रम तपासला. समांतर खेळानंतर पुष्कळदा एकत्र खेळ येत होता. मूल आधी शेजारी येऊन बसतं, तेच खेळणं हाताळतं आणि बघता बघता खेळात सामील होतं. तिकडे केनेथ रुबिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं, की एकट्याने काही रचत किंवा चित्र काढत बसणं हे मागे पडल्याचं लक्षण मानता येत नाही.

पाहणं जितकं महत्त्वाचं, तितकंच लिहिणं. 'रागावला' हा आपला अर्थ झाला. 'ठोकळा फेकला, ओठ घट्ट मिटले, पाठ फिरवून बसला' ही नोंद झाली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे दिसलेलं आणि उजवीकडे वाटलेलं लिहिलं, तर आपलं मत किती लवकर घुसतं ते चार दिवसांत कळतं. संशोधनात दोघे जण एकमेकांना न विचारता नोंदी करतात आणि मग त्या ताडून पाहतात. शाळेत बाई आणि ताईंनी कधीमधी हे करायला हरकत नाही.

जागेचाही विचार हवा. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ऑस्कलूसा या छोट्या गावात रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ पासून मुलांचं रोजचं जगणं टिपलं. २६ एप्रिल १९४९ या दिवशी तर सात वर्षांच्या एका मुलाची, झोपेतून उठल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंतची, प्रत्येक हालचाल आठ निरीक्षकांनी आळीपाळीने लिहून काढली. बार्कर यांच्या ध्यानात आलं ते असं, की मूल कसं वागेल हे पुष्कळदा त्याच्या स्वभावापेक्षा ते कुठे आहे यावरून आधी सांगता येतं. लग्नाच्या हॉलमध्ये उधळलेलं पोर दवाखान्यात आईच्या पदराला चिकटून बसतं, हे आपणही पाहतो. म्हणून फक्त वर्गातल्या नोंदीवरून मुलाचा स्वभाव ठरवू नये.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे जाणलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेल्या त्यांच्या कामात आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. मुलं दिवसभर कुठे असतात ते पाहून बालवाडीच अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

वर्गात मुलाकडे पाहताना शिकवणाऱ्याकडेही पाहावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी जेमतेम एक सेकंद पाहत होते. ज्यांना ते कच्चे समजत, त्यांच्या वाट्याला तर त्याहून कमी वेळ यायचा. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं कमी झाली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली आणि कच्ची म्हणवली जाणारी मुलंही बोलू लागली. 'उत्तर देत नाही' या नोंदीत शिक्षकाची घाईही असते ती अशी.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेची परवानगी घेऊन, मुलांना आणि पालकांना सांगून एका तासाचा फक्त आवाज फोनवर मुद्रित करावा. प्रत्येक प्रश्नानंतर आपण किती सेकंद थांबलो आणि कुणासाठी, हे स्वतःच मोजावं. मग ते मुद्रण पुसून टाकावं.