त्यांची गाडी, त्यांचे टायर. आपली गाडी, आपलेच ब्रेक

रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरवत असताना भाच्याने मोबाईल पुढे सरकवला. "मामा, यातलं कुठलं करू?" एका कार कंपनीच्या 'ड्रायव्हिंग अकॅडमी'ची जाहिरात होती आणि एका क्लबच्या ट्रॅक-डेचं, म्हणजे आपली गाडी घेऊन दिवसभर शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाचं, पोस्टर. दोन्हींत लाल-पांढऱ्या कडेचा तोच डांबरी रस्ता, वळणावर कललेली तशीच गाडी. फी वेगळी होती, पण त्याला वाटलं, फरक तेवढाच.

आमच्या ताईने तर मुळावरच घाव घातला. इंदूरच्या घरांत ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे मागे लाल एल चिकटवून रिंग रोडवर वीसच्या स्पीडने रांगणारी छोटी गाडी. "तुला लायसन्स मिळून चार वर्षं झाली ना रे? मग आता शाळा कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. लायसन्ससाठी गाडी चालवायला शिकतो, ती गर्दीत कुणाला न लागता पुढे न्यायची म्हणून. गाडीची पकड कुठे संपते आणि संपल्यावर काय होतं, हे तिथे कुणी दाखवत नाही. ते दाखवायची जागा म्हणजे सर्किट, शर्यतीचा वळणावळणाचा ट्रॅक. कंपनीची शाळा आणि क्लबचा ट्रॅक-डे दोन्ही बहुधा त्याच सर्किटांवर भरतात, म्हणून फोटोत सारखे दिसतात.

"सर्किट आपल्या पिथमपूरला आहेच की!" हे भाच्याचं पुढचं वाक्य. पिथमपूरला नोकरी करत असल्यामुळे हे मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा हायस्पीड ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला, ११.३ किलोमीटरचा आहे, आणि अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तो लंबगोल आहे आणि गाड्यांची चाचणी घेण्यासाठी बांधलेला आहे. दोन्ही टोकांची वळणं अशी तिरकी उचललेली आहेत की ताशी २५० च्या आसपास स्टिअरिंगला बाजूची ओढच जाणवू नये. सतत मोठा वेग धरून इंजिन, टायर, इंधनाचा खप मोजायचा तर असंच हवं. तिथे ब्रेक मारून, गिअर उतरवून, वळणाचा आतला बिंदू शोधायचा प्रश्नच येत नाही. शिवाय आपण घरची गाडी घेऊन गेटवर उभे राहिलो तर वॉचमन नमस्कार करून परत पाठवणार.

वळणं शिकायची तर लांब जायला हवं. कोइंबतूरचं कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचं, छोटं आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला सोसेल असं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट ३.७ किलोमीटरचं, १९९० पासूनचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन तिथे झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. दिल्लीची बाजू इंदूरहून आठशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नई चौदाशे-पंधराशे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी कंपनीची शाळा. गाडी त्यांची, टायर त्यांचे, पेट्रोल त्यांचं. तुम्ही बूट घालून जायचं. सकाळी तासभर वर्गात बसवतात, मग सीट. हो, सीट! माझा पहिला धडा तोच होता: पाठ टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पंचवीस वर्षं मी आरामखुर्चीत बसल्यासारखी गाडी चालवत होतो. मग शंकूंमधून नागमोडी, ओल्या पट्ट्यावर जीव खाऊन ब्रेक, आणि शेवटी पुढे इन्स्ट्रक्टरची गाडी, मागे आपण, अशी बदकाच्या पिल्लांसारखी फेरी. एका गाडीत आळीपाळीने तिघे. घरी येऊन हिशेब केला, अख्ख्या दिवसात स्टिअरिंग माझ्या हातात चाळीसेक मिनिटं होतं.

पण त्या चाळीस मिनिटांत बाजूला बसलेल्या माणसाने एक वाक्य म्हटलं. "सर, ब्रेक सोडताय की फेकताय?" मला कळेना. मी तर वेळेवर ब्रेक मारत होतो. त्याने समजावलं ते असं: ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात आणि तेव्हाच ते चांगले वळतात. मी वळणाच्या तोंडाशी पाय झटक्यात उचलत होतो. नाक वर, वजन मागे, आणि नेमका स्टिअरिंग फिरवायच्या क्षणी पुढची पकड अर्धी. मग गाडी बाहेर सरकते आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. पुढच्या फेरीला स्टिअरिंग वळेल तसतसा पाय हळूहळू उचलला. तीच गाडी, तोच वेग, आणि ती वळणात अशी बसली की मी स्वतःशीच हसलो. हे मला पुस्तकातून कळलं नसतं, कारण मी चुकतोय हेच मला ठाऊक नव्हतं.

शाळेची फी खरी या नजरेची असते. म्हणून चौकशी करताना गाडी कुठली, हॉर्सपॉवर किती हे नंतर विचारा. आधी विचारा एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती, आणि तो बाजूच्या सीटवर बसतो की नुसता पुढच्या गाडीतून वॉकीटॉकीवर बोलतो. दहा जणांना एक असेल तर ती शाळा नव्हे, जत्रेतला पाळणा आहे. पाळण्यातही बसावं, जी गाडी आपण जन्मात घेणार नाही तिच्यात दोन फेऱ्या मारण्यात मजा आहेच, फक्त शिकायला गेलो होतो असं घरी सांगू नये.

आणि कंपनी शाळा भरवते ती विकण्यासाठी. माझ्या वेळेला जेवणाच्या ताटाशीच एक पोरगा फॉर्म घेऊन आला, सध्याची गाडी कुठली, बदलणार कधी. राग यायचं कारण नाही, पण त्यांच्या गाडीचे ब्रेक लवकर तापतात हे त्या दिवशी तुम्हाला कुणी सांगणार नाही.

मोटारसायकलवाल्यांकडे कंपनीची शाळा आणि क्लब हे दोन कप्पे जरा एकमेकांत मिसळतात. कीथ कोड या प्रशिक्षकाची कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूल १९८० ची, स्वतंत्र. भारतात ती टीव्हीएस रेसिंगच्या साथीने चेन्नईच्या सर्किटवर आली. तिथे गाडी विकायची घाई नसते, एकेका सेशनला एकच गोष्ट घोटून घेतात. पहिली गोष्ट थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची मूठ: वळणात गाडीचं वजन साधारण चाळीस टक्के पुढे, साठ मागे राहील इतपत, एकसारखा, न थांबता उघडत नेणं. तेव्हा नावावर जाऊ नका. तुमची चूक बघायला कुणी उभं आहे का, ते बघा.

आता क्लबचा ट्रॅक-डे. इथे कुणी उभं नसतं. झेंडेवाले मार्शल असतात, पण ते तुमच्या जिवासाठी, तुमच्या लाइनसाठी, म्हणजे वळणातून गाडी कुठून नेता ते बघण्यासाठी, नव्हे. पिवळा दिसला तर वेग कमी आणि ओव्हरटेक बंद, लाल दिसला तर सेशन संपलं, सांभाळून पिटमध्ये (गाड्या थांबायच्या जागी), निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. सकाळी ब्रीफिंगला उशीर झाला तर बहुतेक ठिकाणी ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नवखे, मधले, तरबेज असे गट पाडतात, पंधरा-वीस मिनिटांची सेशनं, ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर. गाडी आतून रिकामी करायची: जॅक, स्टेपनी, मॅट, आणि सीटखालची ती पाण्याची बाटली, जी पहिल्याच ब्रेकला घरंगळत पेडलखाली येते.

दिवसभरात शंभरेक मिनिटं तुमची, तीही तुमच्या गाडीत. हे शाळेत कधी मिळत नाही. पण चुकीची लाइन शंभर वेळा गिरवली की हाताला तेच वळण लागतं, हेही तितकंच खरं.

माझ्या पहिल्या ट्रॅक-डेला तिसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला ब्रेकचा पेडल खाली गेला. नेहमीसारखा मध्ये अडलाच नाही, पार तळापर्यंत गेला. गाडी खडीत घुसली, धूळ बसल्यावर मी बाहेर आलो, हात थरथरत होते. दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिस झालेली, बिलावर 'ब्रेक फ्लुइड बदलले' असं स्वच्छ लिहिलेलं. उघडून बघितलं तर डब्यात चहाच्या रंगाचं तेल. बदललंच नव्हतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ प्रकारचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. शहरात हे कधी कळत नाही. ट्रॅकवर लगेच कळतं, कारण ताशी १४० वरून थांबताना ब्रेकला ताशी १०० च्या जवळजवळ दुप्पट उष्णता गिळावी लागते, आणि तेही दर लॅपला, दर वळणाला. मी स्वतः ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात असून बिलावर विश्वास ठेवला. कुणाला सांगणार?

इथेच तो चौदाशे किलोमीटरचा आकडा लागतो. शाळेत ब्रेकचे पॅड झिजले तर त्यांचा मेकॅनिक बदलतो. ट्रॅक-डेला तुमचे झिजले तर त्याच गाडीने घरी यायचं असतं. आणि विमा? पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असा परिच्छेद असतो, तो चष्मा लावून वाचा. संघटित रेसिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून, असंच धरून जा. शाळेतही सही करायच्या कागदावर नुकसानीचा किती भाग तुमच्याकडे, ते लिहिलेलं असतं. तो आकडा वाचून मगच सही.

"एवढं सगळं करण्यापेक्षा सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर रात्री..." भाच्याने सुरू केलं आणि ताईने त्याच्याकडे बघितलं. मी फक्त कलम सांगितलं: मोटार वाहन कायदा, १८९, सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि समोरून एखादी गाय येते, तिला झेंडे कळत नाहीत.

त्याला मी सांगितलं ते एवढंच: आधी शाळा, पण इन्स्ट्रक्टर बाजूला बसणारी. मग सहा महिन्यांनी आपल्या गाडीने ट्रॅक-डे, कोइंबतूरचा छोटा आधी, आणि पहिल्या दोन सेशनसाठी बाजूला बसायला कुणी अनुभवी मिळतो का ते क्लबला विचारायचं. ज्याला आधीच कुणीतरी नीट शिकवलंय, त्याने मात्र शाळेत पैसे घालू नयेत, सरळ ट्रॅक-डेला जावं.

"पण माझी गाडी तर नवीनच आहे, तीनच वर्षं झाली," तो म्हणाला. पार्किंगमध्ये आलो. माझ्या डिकीत ब्रेक फ्लुइड तपासायचा पेनासारखा टेस्टर असतोच. झाकण काढून त्याचं टोक बुडवलं. हिरवा दिवा लागला नाही, पिवळाही नाही, थेट लाल. भाचा वाकून बघत राहिला.

"ट्रॅक-डेचं नंतर बघू," मी म्हटलं, "आधी फ्लुइडची बाटली आणू. आणि बदलताना समोर उभा राहा."